टोकांवरून वाढणारे जिवाणू : वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील क्षयरोगावरील लेखात ‘क्षयाचा जिवाणू अंगाने वाढत नाही, टोकांवरून वाढतो’ असे एक वाक्य ओघात आले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या औषधांत बदल करण्याविषयीचे प्रश्न मात्र वगळले आहेत. त्यांची उत्तरे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्यावीत.

प्रश्न : जिवाणू म्हणजे एकच पेशी, तिला हाडे नाहीत की सांगाडा नाही. मग एखादा जिवाणू गोल, दुसरा दांड्यासारखा, तिसरा मळसूत्री, असे का होते? आकाराचा नकाशा जनुकांत लिहून ठेवलेला असतो का?
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : जिवाणूला सांगाडा असतो, पण तो आत नसून बाहेर असतो. बहुतेक जिवाणूंच्या पेशीपटलाभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची भित्तिका असते. शर्करेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडव्या जोडणाऱ्या अमिनो आम्लांच्या आखूड कड्या यांचे ते अखंड जाळे असते, म्हणजे एका पेशीभोवतीची संपूर्ण भित्तिका हा रासायनिक दृष्ट्या जवळजवळ एकच प्रचंड रेणू असतो. वायडेल आणि पेल्झर या संशोधकांनी १९६४ मध्ये ही कल्पना स्पष्टपणे मांडली. पेशीतील बाकी सारे धुऊन टाकले आणि फक्त हे जाळे उरवले, तरी दंडाणूचे जाळे लांबटच दिसते आणि गोलाणूचे गोलच.

याची उलट बाजू त्याआधीच ठाऊक झाली होती. अश्रूंमध्ये व अंड्याच्या पांढऱ्या बलकात असणारे लायसोझाइम हे विकर या जाळ्यातील शर्करेच्या साखळ्या तोडते. १९५३ मध्ये वाइबुल यांनी बॅसिलस मेगाटेरियम या दंडाणूची भित्तिका अशा रीतीने काढून टाकली आणि पेशी फुटू नये म्हणून ती साखरेच्या द्रावणात ठेवली. पेशी जिवंत राहिली, मात्र दांडा नाहीसा होऊन तिचा गोळा झाला. आतील पेशीद्रव्याला स्वतःचा असा आकार नव्हता, एवढे यातून निश्चित होते.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे. जनुकांत आकाराचा नकाशा नसतो. तेथे असतात ती काही प्रथिनांची वर्णने, आणि ही प्रथिने ‘पेशी अमुक आकाराची कर’ असे काही सांगत नाहीत. नवी भित्तिका कोठे घालायची, कोठे घालायची नाही आणि जुन्या जाळ्याचा कोणता धागा कापायचा, एवढेच ती ठरवतात. आकार हा त्या निर्णयांचा परिणाम असतो. शालेय पुस्तकांत गोलाणू, दंडाणू, सर्पिलाणू अशी वर्गवारी देऊन आकार हे जणू ओळखपत्रावरील छायाचित्र असल्यासारखे शिकवले जाते, आणि तो आकार दर पिढीत नव्याने घडवावा लागतो ही गोष्ट त्यात हरवते.

प्रश्न : बंद नळकांड्यात दाब असेल तर परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो, असे आम्ही बॉयलरच्या गणितात शिकतो. दंडाणूच्या आतही दाब असतो म्हणे. मग तो लांब होण्याऐवजी फुगत का नाही?
— यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : आपण अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे, आणि हा प्रश्न जीवशास्त्राच्या वर्गात सहसा कोणी विचारत नाही. पेशीतील क्षारांमुळे व अन्य रेणूंमुळे पाणी आत शिरू पाहते आणि भित्तिकेवर सतत दाब राहतो. जाड भित्तिकेच्या बॅसिलस सबटिलिससारख्या जिवाणूत हा दाब सुमारे २० वातावरणांपर्यंत जातो असा अंदाज आहे. आतड्यात राहणाऱ्या, पातळ भित्तिकेच्या ई. कोलाय या दंडाणूत तो बराच कमी असतो. कोणतीही काळजी न घेता भित्तिका जागोजागी सैल केली, तर पेशी फुगेल हे आपले गणित बरोबर आहे. ई. कोलायची जाडी सुमारे एक मायक्रोमीटर आणि लांबी सुमारे दोन मायक्रोमीटर असते, आणि भरपूर अन्न मिळाल्यास तो २० मिनिटांत दुप्पट होतो. एवढ्या घाईतही जाडी फारशी हलत नाही.

पहिली काळजी धाग्यांच्या दिशेची. शर्करेच्या साखळ्या बहुतांशी परिघाच्या दिशेने बसवलेल्या असतात, म्हणजे जेथे ताण अधिक तेथे मजबूत बाजू. लांबीच्या दिशेने मात्र अमिनो आम्लांच्या लवचीक कड्या येतात. दुसरी काळजी ही दिशा कायम राखण्याची, आणि येथे एमआरईबी हे प्रथिन येते. आपल्या स्नायूंतील ॲक्टिनचे हे जिवाणूंमधील भावंड आहे. त्याची रचना २००१ मध्ये उलगडली आणि त्याच वर्षी ते दंडाणूच्या आकारासाठी आवश्यक असलेले तंतू बनवते हे ब्रिटनमधील एरिंग्टन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले.

त्यानंतर दहा वर्षे एक चित्र सर्वत्र छापले गेले: पेशीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेले एमआरईबीचे अखंड मळसूत्र. चित्र इतके देखणे होते की त्यावर शंका घेणे जड जात असावे. २०११ मध्ये तीन स्वतंत्र गटांनी अधिक चांगल्या सूक्ष्मदर्शकांनी पाहिले, तेव्हा मळसूत्राच्या जागी सुटेसुटे छोटे तुकडे दिसले. हे तुकडे पेशीच्या परिघावरून, लांबीला काटकोनात, संथपणे फिरत होते. अधिक आश्चर्याची गोष्ट म्हणजे त्यांना फिरवणारी शक्ती एमआरईबीची नव्हती. भित्तिकेचे बांधकाम प्रतिजैविकाने थांबवले की फिरणेही थांबत होते. बांधणारी यंत्रणा नवा धागा घालत पुढे सरकते आणि एमआरईबीला सोबत नेते. बुरूड टोपलीच्या कडेने फिरत कामटी घालत जातो, तसे हे काम आहे. एमआरईबीचे काम कामटी घालण्याचे नसून फेरा तिरका जाऊ न देण्याचे आहे.

पण एवढ्या लहान प्रथिनाला परिघाची दिशा कशी कळते? एमआरईबीचा तंतू मुळातच वाकलेला असतो आणि तो पटलाला चिकटतो. दांड्याच्या पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने वक्रता नसते, परिघाच्या दिशेने असते; त्यामुळे वाकलेल्या तंतूला परिघाच्या दिशेने बसणेच सोयीचे पडते. गोल पेशीत सर्व दिशा सारख्या, म्हणून तेथे हे तंतू दिशाहीन होतात. म्हणजे दांड्यामुळे तंतूंना दिशा मिळते आणि तंतूंच्या दिशेमुळे दांडा टिकतो. शिवाय ई. कोलायमध्ये भित्तिकेला जेथे आत वळलेला खळगा पडला असेल, तेथे एमआरईबी अधिक जमते आणि तेथील बांधकाम वाढून खळगा भरून निघतो, असेही २०१४ मध्ये दिसून आले.

यातील यंत्रणा एकेक करून बंद करता येते. मेसिलिनॅम हे पेनिसिलिन कुळातील औषध लांबी वाढवणाऱ्या यंत्रणेतील एका विकराला, पीबीपी-२ ला, निकामी करते आणि ई. कोलाय गोल होऊ लागतो. सेफॅलेक्सिन पेशीविभाजनाच्या यंत्रणेतील पीबीपी-३ ला अडवते आणि तोच जिवाणू न तुटता सुतासारखा लांबत जातो. औषधे एकाच मोठ्या (बीटा-लॅक्टम) कुळातली आणि परिणाम एकमेकांच्या उलट. जाडीचे गणित पूर्ण सुटलेले नाही, परंतु बॅसिलस सबटिलिसमध्ये परिघावरून फिरणारी यंत्रणा प्रबळ केली की पेशी बारीक होते आणि दिशेविना कोठेही भित्तिका घालणारी दुसरी विकरे वाढवली की ती जाड होते, हे २०१९ मध्ये दाखवले गेले. जाडी ही या दोन कामांच्या प्रमाणातून ठरते.

प्रश्न : म्हणजे एमआरईबी असेल तर दांडा. मग आमच्या प्रयोगशाळेत आम्ही रोज बेडक्यात पाहतो तो क्षयाचा जिवाणूही दांडाच आहे. त्याच्यात हेच प्रथिन काम करते का?
— वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नागपूर

उत्तर : नाही. क्षयाच्या जिवाणूत एमआरईबी नाहीच. त्याच्या कुळातील कोणत्याही मायकोबॅक्टेरियममध्ये ते सापडत नाही. दांडा बनवण्याचा हा पूर्णपणे वेगळा मार्ग आहे आणि मागील लेखातील त्या वाक्याचा अर्थ येथेच आहे.

ई. कोलायमध्ये नवी भित्तिका पेशीच्या अंगावर सर्वत्र घातली जाते आणि दोन्ही टोके जवळजवळ निष्क्रिय असतात. टोकावरची भित्तिका एकदा बनली की पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. मायकोबॅक्टेरियममध्ये बरोबर उलट घडते. अंग स्थिर आणि टोके वाढती. नेमके सांगायचे तर नवी भित्तिका अगदी शेंड्यावर न पडता शेंड्याच्या किंचित मागे पडते, आणि शेंडा पुढे ढकलला जातो. त्यामुळे अंगाची जाडी राखण्यासाठी परिघावर कोणी फिरत राहण्याची गरज उरत नाही. टोकापाशी ज्या जाडीने नळी निघाली, त्याच जाडीने ती मागे राहते.

येथे ‘टोक कोठे आहे’ हे ओळखणारे प्रथिन म्हणजे डिव्ह-फोर-ए. क्षयाच्या जिवाणूत त्याला वॅग-३१ असे नाव आहे. हे प्रथिन पटलाच्या आतील बाजूस, जेथे वक्रता सर्वाधिक आतल्या अंगाला असते, तेथे जमते. २००९ मध्ये बॅसिलस सबटिलिसवरील प्रयोगांत ही गोष्ट स्पष्ट झाली. गंमत अशी की बॅसिलसमध्ये या प्रथिनाचा टोकाच्या वाढीशी काही संबंध नाही. तेथे ते पेशीचे विभाजन भलत्या ठिकाणी होऊ नये याची व्यवस्था पाहते. टोक ओळखण्याची क्षमता तीच, तिचा उपयोग निराळा. मायकोबॅक्टेरियममध्ये मात्र वॅग-३१ शिवाय जगणेच शक्य नाही. त्याचा पुरवठा कमी केला की टोकाची वाढ थांबते आणि पेशी फुगून गोल होत जाते.

वॅग-३१ स्वतः भित्तिका बांधत नाही. बांधकामाचा कच्चा माल तयार करणारी विकरे पटलाच्या ज्या भागात असतात, तो भाग टोकामागे एकवटलेला राहावा, अशी परिस्थिती ते निर्माण करते. त्याच्यावर पीकेएनए आणि पीकेएनबी नावाच्या विकरांचे नियंत्रण असते. ती वॅग-३१ ला फॉस्फेट जोडतात आणि त्याचा वाढीच्या वेगावर परिणाम होतो.

आपल्यासारख्या रोज झील-नेल्सन रंजन करणाऱ्याला आणखी एक गोष्ट रोचक वाटेल. आम्लाने धुतल्यावरही लाल रंग धरून ठेवणारे ते जाड, मेणचट आवरण मायकोलिक आम्लांचे असते. त्याच्या आत अरॅबिनोगॅलॅक्टन आणि त्याच्याही आत पेप्टिडोग्लायकन, असे तीन थर एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडलेले असतात. हे तिन्ही थर टोकापाशीच नव्याने घातले जातात. आयसोनियाझिड मायकोलिक आम्लांची निर्मिती रोखते आणि एथॅम्ब्युटॉल अरॅबिनोगॅलॅक्टनची. म्हणजे क्षयाच्या पहिल्या फळीतील चार औषधांपैकी दोन थेट या टोकांवरील बांधकामावर घाव घालतात.

अंग स्थिर असते असे वर म्हटले, पण स्थिर म्हणजे मृत नव्हे. टोकापाशी घातलेली भित्तिका जसजशी मागे पडते, तसतशी तिच्यात वेगळ्या प्रकारच्या जोडण्या वाढत जातात. पेनिसिलिन ज्या जोडण्यांना अडवते, त्यांहून या निराळ्या असतात आणि एलडी-ट्रान्सपेप्टिडेज नावाची विकरे त्या घालतात. ही विकरे काढून टाकली तर नवे टोक सरळ राहते, पण मागचा जुना भाग दाब न सोसून फुगवटे धरतो. २०१८ मध्ये क्षयाच्या जिवाणूचा निरुपद्रवी नातलग मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस याच्यावर हे पाहिले गेले. टोकांवरून वाढणाऱ्या जिवाणूला बांधकाम एका ठिकाणी आणि मजबुतीकरण दुसऱ्या ठिकाणी करावे लागते.

प्रश्न : वडिलांना क्षय झाला होता. दोन महिन्यांत खोकला, ताप सारे गेले, तरी औषधे सहा महिने घ्यावी लागली. जिवाणू टोकांवरून वाढतो, याचा या लांबलेल्या उपचाराशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : काही संबंध आहे, पण सारा दोष टोकांवर टाकता येणार नाही. पहिले कारण वेगाचे. क्षयाच्या जिवाणूला दुप्पट होण्यास साधारण एक दिवस लागतो, आणि बरीच प्रतिजैविके वाढत्या जिवाणूवरच जोरात चालतात. दुसरे कारण जागेचे. फुप्फुसातील गाठींमध्ये औषध सारखे पोहोचत नाही आणि काही जिवाणू तेथे जवळजवळ न वाढता पडून राहतात. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने त्यांपैकी तीन, ही भारतातील नेहमीची पद्धत याच अनुभवातून आलेली आहे. लक्षणे गेली म्हणजे जिवाणू संपले असे नसते.

टोकांचा संबंध येतो तो याच्याही पुढे. ई. कोलायची पेशी मधोमध दुभंगली की दोन्ही मुली जवळपास सारख्या असतात. मायकोबॅक्टेरियमची पेशी दुभंगते तेव्हा प्रत्येक मुलीला एक जुने टोक मिळते आणि एक नवे, विभाजनाच्या जागी नुकतेच तयार झालेले. जुन्या टोकाची यंत्रणा चालू असते. नवे टोक काही काळ गप्प राहते आणि मग वाढू लागते. पुन्हा, आईची दोन्ही टोके सारख्या वयाची नसल्याने एका मुलीला अधिक जुने टोक मिळते, दुसरीला कमी जुने. परिणामी एकाच आईच्या दोन मुली वेगवेगळ्या लांबीच्या आणि वेगवेगळ्या गतीने वाढणाऱ्या निघतात. २०१२ मध्ये हार्वर्ड येथील गटाने एकेका पेशीचा सूक्ष्मदर्शकाखाली पाठपुरावा करून ही विषमता दाखवली आणि अशा पेशींची प्रतिजैविकांना दाद देण्याची तऱ्हाही एकसारखी नसल्याचे नोंदवले. यातील कोणत्या फरकाचा औषधावर किती परिणाम होतो, यावर पुढे मतभेद झाले. वाढीचा वेग आणि औषधाने मरणे यांचा संबंध सरळ नाही, असेही काही प्रयोगांत निघाले.

अधिक ठोस पुरावा २०१७ मध्ये आला. नव्या टोकाला काही काळ रोखून धरण्यात भाग घेणारे लॅमए नावाचे प्रथिन मायकोबॅक्टेरियममध्ये सापडले. ते जनुक काढून टाकल्यावर दोन्ही टोके अधिक सारखी वागू लागली, पेशींतील वैविध्य घटले आणि रिफॅम्पिसिन व भित्तिकेवर काम करणारी औषधे त्या पेशींना अधिक वेगाने आणि अधिक एकसारखेपणाने मारू लागली. म्हणजे ही विषमता जिवाणूने मुद्दाम राखलेली आहे. औषधाच्या माऱ्यात सर्व पेशी एकाच स्थितीत असू नयेत, याचा त्याला लाभ होतो.

या उत्तराला दोन मर्यादा आहेत. लॅमए निकामी करणारे कोणतेही औषध आज रुग्णाला दिले जात नाही. आणि अशा प्रयोगांपैकी बरेचसे मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर झाले आहेत, कारण तो निरुपद्रवी आहे आणि तीन-चार तासांत दुप्पट होतो. क्षयाच्या जिवाणूच्या एकेका पेशीत वाढीचे नमुने याहूनही अधिक विविध दिसतात, तेव्हा दोघांचे वर्तन तंतोतंत एक मानू नये. जगातील क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात असताना आपल्याकडील विद्यार्थ्यांनी या विषयाकडे वळावे असे मला फार वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली स्मेग्मॅटिस वाढवण्यासाठी अतिसुरक्षित प्रयोगशाळेची गरज पडत नाही.

प्रश्न : भित्तिका अंगाला वाढते की टोकाला, हे कळते कसे? दोन मायक्रोमीटरच्या पेशीवर खूण कोण करतो?
— एक महाविद्यालयीन प्राध्यापक, रत्नागिरी

उत्तर : खूण जिवाणूकडूनच करवून घेतली जाते. आपली प्रथिने एल-रूपातील अमिनो आम्लांची बनतात. जिवाणूची भित्तिका मात्र डी-रूपातील अमिनो आम्लेही वापरते आणि त्यांची निवड करताना ती फारशी काटेकोर नसते. २०१२ मध्ये इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी डी-अमिनो आम्लाला चमकणारा रंग जोडला आणि तो जिवाणूंना थोडा वेळ दिला. जेथे नवी भित्तिका पडत होती, तेवढाच भाग उजळला. ई. कोलायचे अंग उजळते, मायकोबॅक्टेरियमची टोके. एका रंगानंतर दुसरा दिला तर आधीचे बांधकाम कोणते आणि नंतरचे कोणते, हेही वेगळे दिसते. त्याआधी हेच काम डी-सिस्टीन वापरून, पेशी मारून आणि भित्तिका वेगळी काढून करावे लागत असे. टोके निष्क्रिय असल्याचा ई. कोलायमधील पुरावा १९९७ मध्ये त्या कष्टाच्या वाटेने मिळाला.

प्रश्न : टोकांवरून वाढणारे जिवाणू सगळे रोगकारकच असतात का?
— एक शेतकरी वाचक, अहिल्यानगर

उत्तर : मुळीच नाही, आणि आपण तर त्यांच्यात रोज वावरता. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, त्यातील मुख्य पदार्थ जिओस्मिन, आणि तो बहुतांशी स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूंनी बनवलेला असतो. हे मायकोबॅक्टेरियमचे दूरचे नातलग. त्यांची वाढ मात्र दांड्यावर थांबत नाही. ते बुरशीसारखे लांब, फांद्या फुटलेले तंतू मातीत पसरवतात. प्रत्येक तंतू फक्त शेंड्याकडून लांबतो आणि प्रत्येक शेंड्याशी डिव्ह-फोर-ए चा पुंजका बसलेला असतो. शेंडा पुढे जाताना या पुंजक्याचा लहानसा तुकडा कधीकधी मागे, तंतूच्या बाजूच्या भिंतीवर राहून जातो. तो वाढून पुरेसा मोठा झाला की तेथून फांदी फुटते. स्वीडनमधील फ्लेर्ड यांनी २००३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरमध्ये हे प्रथिन जास्त प्रमाणात बनवायला लावले, तेव्हा भलत्याच ठिकाणी नवे शेंडे निघू लागले. टोक असले की प्रथिन जमते, हे आधीच्या उत्तरात पाहिले; येथे प्रथिन जमले की टोक निघते.

याच तंतुमय जिवाणूंनी माणसाला औषधे पुरवली. अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठात वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांनी १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले आणि क्षयावर चालणारे पहिले प्रतिजैविक हाती आले. टोकाने वाढणाऱ्या एका जिवाणूचे रसायन टोकाने वाढणाऱ्या दुसऱ्यावर वापरले गेले, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो; स्ट्रेप्टोमायसिनचा घाव मात्र टोकावर नसून प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमवर असतो. महाराष्ट्रातील मातीचाही यात वाटा आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिसच्या एका जातीपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. त्या जिवाणूचे नाव गावावरूनच ठेवले आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

शेतीशी संबंध असलेला दुसरा गट या कुळाबाहेरचा आहे. झाडांच्या खोडा-मुळांवर गाठी आणणारा ॲग्रोबॅक्टेरियम, मेथीघास व तत्सम शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गाठींत नत्र बांधणारा सायनोरायझोबियम आणि गाई-म्हशींत गर्भपात घडवणारा ब्रुसेला हे एकमेकांचे आप्त. तेही टोकावरूनच वाढतात, असे २०१२ मध्ये सिद्ध झाले. त्यांच्यातही एमआरईबी नाही. पण मायकोबॅक्टेरियम जुन्या टोकाला प्राधान्य देतो, तर ॲग्रोबॅक्टेरियम विभाजनातून निघालेल्या नव्या टोकावरून वाढतो, आणि तेथे काम करणारी प्रथिनेही वेगळी आहेत. टोकावरून वाढण्याची रीत जीवसृष्टीत एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निघाली, असे यावरून मानावे लागते.

प्रश्न : जिवाणूला आकाराचा उपयोग तरी काय? गोल झाला काय नि वाकडा झाला काय, खायला मिळाले की झाले!
— अकरावीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : काचेच्या बशीत, भरपूर अन्नात, बहुधा काही बिघडत नाही, म्हणूनच आकार बिघडलेले जिवाणू प्रयोगशाळेत सहज वाढवता येतात. बाहेर तसे नसते. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी मळसूत्री असतो. त्याच्या भित्तिकेतील जोडण्या सैल करणारी विकरे काढून टाकली की त्याचा मळसूत्री पीळ जातो, आणि असे पीळ गेलेले जिवाणू उंदरांच्या जठरात वस्ती करण्यात मागे पडतात, हे २०१० मध्ये दिसले. कॉलोबॅक्टर या पाण्यातील जिवाणूत क्रेसेंटिन नावाचे प्रथिन पेशीच्या एकाच बाजूला तंतू होऊन बसते. त्या बाजूची वाढ मंदावते, दुसरी पुढे जाते आणि पेशी चंद्रकोरीसारखी वाकते. हे प्रथिन नसलेला कॉलोबॅक्टर सरळ दांडा होतो आणि प्रयोगशाळेत सुखाने जगतो.

तुझ्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर घरच्या दह्याचा थेंब पाण्यात विरळ करून, काचेवर वाळवून, मेथिलीन ब्ल्यूने रंगवून पाहा. सहसा एकाच दृश्यात दांडे आणि गोलांच्या माळा दोन्ही दिसतात. अन्न तेच, भांडे तेच, आणि बांधकामाच्या रीती निराळ्या. एकेका पेशीत नवी भित्तिका कोठे पडते, हे मात्र या साध्या रंगाने दिसणार नाही. त्यासाठी वर सांगितलेली चमकणारी अमिनो आम्ले आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक लागतो.